मांजरेपासून भीमेपर्यंत, गळाच्या वाटेने

गळ टाकून मासा धरणे हा राजाने करावा असा विनोद आहे, असे मानून त्यावर सविस्तर लिहिणारा एक राजा आजच्या बीदर जिल्ह्यात राज्य करत होता. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातल्या ‘मत्स्यविनोद’ या भागाविषयी वाचल्यापासून तो मुलूख पाण्याच्या बाजूने पाहायची इच्छा होती. तिथल्या नद्या-तलावांत आज गळ कोण टाकतो? शहरातला हौशी माणूस तिथे मासेमारीसाठी येऊन राहिला, तर गावाच्या पदरात काही पडेल का? पावसाळा सरल्यावर या प्रश्नांसह निघालो. उदगीरहून शिरायचे, मांजरा आणि कारंजा पाहत बीदर, तिथून चिंचोळी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद करत गाणगापूरला भीमेवर उतरायचे आणि अफजलपूरमार्गे अक्कलकोटला परतायचे, अशी वाट ठरवली.

उदगीर ते बीदर हा प्रवास परराज्यात जाण्याचा वाटतच नाही. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातच होते. राज्ये भाषेवर ठरली तेव्हा जिल्हा तिघांत वाटला गेला. सोयरिकी आणि बाजाराच्या खेपा मात्र तशाच राहिल्या. औराद, कमलनगर, भालकी या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशी तिन्ही भाषांची ये-जा एकाच माणसाच्या तोंडी ऐकू येते. एकाच वाक्यात कुणाला ‘अण्णा’ म्हणायचे आणि पुढच्या वाक्यात ‘मामा’, यात तिथे कुणालाच काही वावगे वाटत नाही.

कमलनगर सोडून भालकीकडे येताना मांजरा ओलांडावी लागते. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटात उगम पावलेली ही नदी लातूर-धाराशिवच्या शेतांना पाणी पाजत इथे पोचते आणि पुढे तेलंगणात निजामसागर भरून गोदावरीला मिळते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा वर धनेगावचे धरण कोरडे पडले होते आणि खाली या पुलाजवळही वाळूच होती. त्यामुळे इथल्या मासेमारीची कोणतीही गोष्ट दुष्काळ सोडून करता येत नाही. मासा साठवून ठेवता येत नाही. पाणी गेले की त्या डोहाची पिढीच जाते आणि नव्याने बीज टाकून दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

आता मात्र पाणी होते. पुलाखालच्या डोहाकाठी शाळकरी पोरे बांबूच्या काठ्यांना तंगूस बांधून बसली होती. तरंगायला चपलेच्या रबराचा तुकडा, आमिषाला गांडूळ. थोडे पलीकडे एक वयस्क गृहस्थ छोटा बेडूक गळाला लावून मरळीची वाट पाहत होते. मरळ हा इथला मानाचा मासा. कडेच्या गवतात, गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो जगतो, कारण वर येऊन तो हवेतून श्वास घेऊ शकतो. तलाव आटू लागला की सगळ्यांत शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत मरळ असते. नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. पावसाळ्याच्या सुमारास पाण्याच्या पृष्ठावर पिलांचा लालसर घोळका फिरताना दिसला की त्याच्या खाली आईबाप असणारच. नेमक्या अशा वेळी घोळक्यावर गळ टाकला की राखण करणारी मरळ आमिषावर धावून येते. त्या गृहस्थांनी हे मला समजावून सांगितले आणि पुढे म्हणाले, “पण तसं मी करत नाही बघा. आईबाप गेले की पिलांना दुसरे मासे खातात. पुढच्या साली मग काय धरायचं?” हौशी मासेमारीचे नियम कुणी लिहायला बसले, तर पहिला नियम याच काठावर मिळेल.

भालकी तालुक्यात ब्याल्हळ्ळीजवळ कारंजा नदीवर धरण आहे. कारंजा ही मांजरेचीच उपनदी. बीदर शहराचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून जाते. भोवती तूर, सोयाबीन, उसाचे पट्टे. मध्ये मैलोगणती पसरलेले पाणी आणि त्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांच्या रांगा. बाटल्या म्हणजे खाली पसरलेल्या जाळ्यांच्या खुणा. हौशी पर्यटनाच्या गप्पा मारणाऱ्याने आधी या बाटल्या पाहाव्यात, असे मला वाटते. अशा जलाशयांतली मासेमारी ठेक्याने चालते. मच्छीमारांच्या सहकारी संस्था ठेक्याची रक्कम भरतात, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत घेऊन सोडतात, राखण करतात आणि मग जाळी टाकतात. म्हणजे वरवर नैसर्गिक दिसणाऱ्या या तळ्यातल्या मोठ्या माशांत कुणाचे तरी पैसे आणि मेहनत गुंतलेली असते.

काठावर जाळे विणत बसलेल्या एका सभासदाला मी विचारले, शहरातले लोक पैसे देऊन इथे गळ टाकायला आले आणि मासा धरून परत पाण्यात सोडला, तर चालेल का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मासा सोडणार म्हंता, मग येणार कशाला?” बाजूचा तरुण मोबाइलवर चित्रफिती पाहणारा होता. त्याने त्याला समजावले की मासा लागतो तेव्हाची जी झुंज असते, तिच्यासाठी लोक येतात. वयस्क माणसाने त्यावर दुसरा प्रश्न केला आणि तो मला संपूर्ण प्रवासात सगळ्यांत महत्त्वाचा वाटला: “पैशे कोन घेनार? खातं, ठेकेदार, का आमी?”

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी मुलखातच, मुंबईत, पवई तलावावर मिळते. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था कित्येक दशके आहे. सभासद होऊन, नियम पाळून गळ टाकायचा; त्याच तलावात मगरी आहेत, आणि मासा, मगर, माणूस यांच्यात अंतर ठेवण्याची शिस्तही तिथे आहे. मगरींची गोष्ट इथेही लागू पडते, कारण मांजरेच्या खालच्या टप्प्यात, संगारेड्डीकडे, १९७८ पासून मगरींसाठी अभयारण्य आहे आणि मगर राज्याची सीमा ओळखत नाही. पण पवईत तलावाभोवती महानगर आहे आणि गळ टाकणारा घरी जेवायला जातो. कारंजाकाठी तो गावातच जेवेल. हा फरक गावाच्या फायद्याचा आहे.

बीदरमध्ये मी किल्ल्याकडे फार वेळ दिला नाही. महमूद गावानचा १४७२चा मदरसा, त्याच्या निळ्या-पिवळ्या टाइलकामाचे उरलेले तुकडे, बिदरी कारागिरांची गल्ली, यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला पाहायचा होता तो नौबादचा करेझ. बहामनींनी राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) या लाल जांभ्याच्या पठारावर आणली, तेव्हा पाण्याचा प्रश्न इराणी पद्धतीने सोडवला: जमिनीखाली उताराचा बोगदा खणून, मध्ये मध्ये विहिरीसारखे झरोके ठेवून. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या कठीण खडकाच्या थरावर अडते. तो साठा बोगद्याने आपोआप वाहत येतो. पंधराव्या शतकात इथल्या राज्यकर्त्यांनी जमिनीखालचे पाणी इतक्या बारकाईने ओळखले होते. जमिनीवरचे जे पाणी आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्याच्या बाबतीत आपण इतके निष्काळजी का, असे तिथे उभे असताना वाटत राहिले.

बीदरपासून हैदराबाद साधारण १४० किलोमीटर. या मुलखातल्या माशाचे खरे गिऱ्हाईक तिकडेच आहे. मरळ तेलंगणाचा राज्यमासा आहे, आणि मृग नक्षत्र लागते त्या दिवशी हैदराबादेत मासा खाण्याची मोठी चाल आहे. गळ आणि रीळ घेऊन रविवारी येणारा पर्यटकही पुण्या-मुंबईपेक्षा आधी तिथूनच येईल. काही जण आताही येतात, असे काठावरच्या लोकांनी सांगितले. ते येतात, मासे नेतात, थर्माकोल टाकून जातात आणि गावाला चहाचे पैसे मिळतात. पर्यटन आणायचे की नाही, हा प्रश्नच उरलेला नाही. आलेल्या माणसाला नियम कोण लावणार, एवढेच ठरायचे आहे.

बीदरच्या दक्षिणेला पाण्याची दिशा बदलते. मांजरा आणि कारंजाचे पाणी गोदावरीला जाते. जिल्ह्यातच उगम पावणारी मुल्लामारी मात्र दक्षिणेला वळून कागिण्याला आणि तिच्यामार्फत भीमेला, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. शेतात उभे राहून ही पाणलोटाची रेघ दिसत नाही, जमीन सपाटच वाटते. मुल्लामारीच्या वाटेने कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीला आलो आणि काळ्या रानातून अचानक जंगलात शिरलो. कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार आणि उन्हाचा तडाखा, एवढेच डोक्यात घेऊन येणाऱ्या माणसाला इथली साग-चंदनाची राने आणि डोंगरांमध्ये अडलेले चंद्रमपळ्ळीचे तळे पाहून खरोखर आश्चर्य वाटते. मासेमारीचा तंबू ठोकायला याहून देखणी जागा या दोन जिल्ह्यांत नाही. आणि तो इथे ठोकता येणार नाही, कारण २०११ पासून हे चिंचोळी वन्यजीव अभयारण्य आहे.

ही अडचण कागदी नाही, तिला कर्नाटकातच घडलेला इतिहास आहे. कावेरीवर भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे इथे महसीर या मोठ्या लढवय्या माशासाठी तळ होते. देशोदेशीचे गळवाले तिथे येत, मासा धरून, मोजून परत सोडत. पूर्वी जाळी किंवा सुरुंग लावून मासे मारणारे स्थानिक लोक तिथे वाटाडे आणि राखणदार झाले होते. पण ते पाणी अभयारण्यात मोडत होते. अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावला गेला आणि २०१० नंतरच्या काळात तळांवरची मासेमारी थांबली. मी दोन्ही बाजू समजू शकतो. अभयारण्यात एका छंदाला सूट दिली की दुसरा छंद रांगेत उभा राहतो. पण राखणदाराची रोजी गेली की रात्रीच्या सुरुंगांना अडवणारा माणूसही नदीवरून उठतो, हेही तितकेच खरे.

त्या तळांनी एक मोलाची गोष्ट मागे ठेवली. गालिबोरेला येणारे गळवाले कोणता मासा, किती वजनाचा, कधी लागला, याची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला, केशरी परांचा महसीर झपाट्याने घटत गेल्याचे आणि त्याची जागा निळसर परांच्या महसिराने घेतल्याचे दिसून आले. हा दुसरा मासा आपला. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मुळा-मुठेच्या माशांवरून त्याचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हे इथलेच नाव ठेवले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली, तिथले बीज दूरदूर गेले, कावेरीतही गेले. हेतू संवर्धनाचाच होता. पण एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडल्याने काय होते, हे त्या नोंदवह्यांमुळे जगाला कळले. बीदर-कलबुर्गीत पर्यटकांसाठी ‘मोठा, झुंजणारा मासा आणून सोडू’ अशी कल्पना उद्या कुणी मांडली, तर तिला इथेच थांबवले पाहिजे. मरळ, शिवडा, शिंगाडा, वाम आहेत. एवढे झुंजणारे मासे पुरेसे आहेत.

हुमनाबादला माणिकनगरात थांबून माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेतले आणि पश्चिमेला बसवकल्याणची वाट धरली.

बसवकल्याणला शिरताना सगळ्यांच्या मनात बसवेश्वर असतात, आणि ते योग्यच आहे. बाराव्या शतकात या गावी अनुभव मंटपात चांभार, न्हावी, गुराखी, वेश्या, ब्राह्मण एकत्र बसून बोलले. त्यांच्यात अंबिगर चौडय्या होता. अंबिगर म्हणजे नावाडी. त्याची वचने शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, वाङ्मयात सर्वांत धारदार गणली जातात; दांभिक गुरूंना आणि पोकळ पूजेला तो कोणतीही भीड ठेवत नाही. आज कलबुर्गी, यादगीर, रायचूर भागातला अंबिग, कब्बलिग, कोळी समाज त्याला आपला मानतो. नदीवर होडी चालवणारा आणि मासे धरणारा हाच समाज. कल्याणात पाण्यावर काम करणारा माणूस धर्मचर्चेच्या सभेत बरोबरीने बसत होता, ही गोष्ट आजच्या प्रश्नालाही लागू आहे.

चौडय्याच्या एक पिढी आधी याच कल्याणात सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला. साल ११२९च्या सुमाराचे. वडील विक्रमादित्य सहावा हा पराक्रमी. मुलाला विद्येची ओढ अधिक, म्हणून ‘सर्वज्ञ’ ही पदवी. ग्रंथाचे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, इथपासून वैद्यक, वास्तू, चित्र, संगीत, स्वयंपाक, हत्ती-घोडे, कुस्ती आणि शिकार इथपर्यंत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित करून छापला. पहिला खंड १९२५चा. यातल्या विनोदांच्या भागात मत्स्यविनोद येतो. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग, तीसहून अधिक जातींची नावे, कोणत्या जातीला काय खाऊ घालून पोसावे, दोर कसा असावा, आमिष कशाचे असावे, असा सारा तपशील आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि ही गोष्ट आधुनिक विज्ञानाच्या नजरेस आणली. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचे सर्वांत जुने छापील प्रकरण १४९६चे आणि आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३चे. कल्याणीचा राजा त्या दोघांच्याही कितीतरी आधीचा.

मराठी माणसाला या ग्रंथाचे आणखी एक अप्रूप आहे. मराठीतल्या अगदी जुन्या पद्यांपैकी काही ओळी संगीताच्या भागात याच ग्रंथात सापडतात, आणि त्या विष्णूच्या मत्स्यावताराविषयी आहेत. कर्नाटकातल्या राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी गीत, आणि त्यात मासा. त्रिपुरांत तलावाच्या काठी मी ही गोष्ट दोन महाविद्यालयीन मुलांना सांगितली. दोघे याच गावचे. अनुभव मंटपाबद्दल ते भरभरून बोलले, ‘मानसोल्लासा’चे नाव मात्र त्यांनी ऐकले नव्हते. मला हे फार लागले. जगातल्या कुठल्याही गावाकडे असा वारसा असता, तर तलावाकाठी कन्नड, मराठी आणि उर्दूत एक मोठा फलक असता आणि गळ टाकायला येणारा माणूस आधी तो वाचून मग बसला असता. राजाची यादी घेऊन आज मांजरेत आणि भीमेत त्यातले कोणते मासे उरले आहेत, हे शोधायला एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी लावता येतील. येणाऱ्या पर्यटकांच्या नोंदी त्यात भर घालतील, कावेरीवर झाले तसे.

आळंदला अमरजा नदीवरचे धरण ओझरते पाहून गाणगापूरला पोचलो. इथे पुन्हा सगळीकडे मराठी. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून निर्गुण पादुकांच्या दर्शनाला जाणारे, दुपारी माधुकरी मागणारे, झोळी घेतलेले लोक बहुतेक महाराष्ट्रातले. नृसिंहसरस्वतींनी पंधराव्या शतकात जिथे वास्तव्य केले, त्या घाटावर गळ टाकण्याचा विचारही कुणी करू नये. या दोन जिल्ह्यांत मांसाहार वर्ज्य मानणारी मोठी वस्ती आहे, लिंगायत आहेत, जैन आहेत, दत्तभक्त आहेत. त्यांना न दुखवता हे काम करायचे, तर घाट, मठ आणि देवळाच्या तळ्यांपासून लांबचे पाणी आधीच ठरवून घ्यावे लागेल.

जीव धरून सोडणे हे तरी निर्दोष आहे का, असा प्रश्न संगमावर एका आजोबांनी मला केला. निर्दोष नाही. माशाला इजा होतेच. ती कमी करता येते: उलटा काटा नसलेला गळ वापरायचा, हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग जडतो, त्याला पाण्याबाहेर क्षणभरच ठेवायचे, उन्हाळ्यात पाणी तापल्यावर गळच टाकायचा नाही. आजोबांचे समाधान झाले नाही आणि त्यांचे म्हणणे मी मनात ठेवले आहे. पण जाळे, वीजप्रवाह आणि सुरुंग यांच्या तुलनेत नदीवर डोळा ठेवणारा गळवाला मला नदीचा मित्र वाटतो.

अफजलपूरकडे भीमेच्या काठाने जाताना तिची दुखणी दिसतात. वाळूचा उपसा करून केलेले खड्डे, त्यात साचलेले हिरवे पाणी. वाळू-खडीच्या उथळ तळावर अंडी घालणाऱ्या माशांना हे खड्डे निरुपयोगी असतात. नदीत पाणी किती, हे वर उजनीवर ठरते. उन्हाळ्यात कलबुर्गीकर उजनीतून पाणी सोडण्याची मागणी करतात, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये याच नदीच्या पुरात या काठची गावे बुडाली होती. याच नदीवरच्या सोन्नच्या बंधाऱ्यामागे मात्र पाणी टिकते.

याच भीमेवर वरच्या अंगाला, उजनीच्या फुगवट्यात, भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ आहेत. तिथल्या मच्छीमारांच्या होड्यांतून आज लोक रोहित पक्षी पाहायला जातात. पक्ष्यांची नावे मच्छीमारच सांगतात, जेवण त्यांच्या घरातल्या बायका रांधतात, आणि ताटात उजनीचाच मासा असतो. होडी, पाण्याची ओळख आणि चूल ही तिन्ही त्यांचीच असल्यामुळे पैसा गावात राहतो. सोन्न आणि कारंजा इथे करायचे ते याच धर्तीवर. पाण्याचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिनेच गळाची दिवसाची चिठ्ठी फाडावी. जलाशयाचा एक कोपरा जाळ्यांपासून राखून ठेवावा. वाटाड्या सभासदांतलाच असावा आणि मासा लागला की वजन, लांबी, जात वहीत लिहिण्याचे काम त्याचे असावे. मरळ पिले घेऊन फिरते त्या महिन्यांत चिठ्ठी देऊ नये. मत्स्यखात्याने यासाठी एका कोपऱ्याची लेखी मुभा दिली तर सुरुवात होऊ शकते. इमारत, विश्रामगृह, रंगीत कमान यांची काही गरज नाही.

सोन्नला बंधाऱ्याजवळ हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, दुरुस्त करणाऱ्या एका अंबिग तरुणाला मी कारंजाकाठचा तो प्रश्न विचारला, पैसे कुणी घ्यावेत. तो म्हणाला, “संघानं घ्यावेत आणि पावती द्यावी. पावतीवर आमचं नाव छापलेलं पाहिजे.” मग त्याने हैदराबादचे लोक कोणती काठी वापरतात, ती किती लांब असते आणि सोलापुरात मिळते का, याची चौकशी सुरू केली.